डीटीएफ मशीन आत्ताच घेऊ का? शुक्रवार पेठेतल्या भावंडांना उत्तर

पत्र आलंय शुक्रवार पेठेतनं, एका भावानं लिहिलंय, बहिणीच्या वतीनं पण. थोडक्यात असं आहे:

“काकी, मी आणि माझी बहीण मिळून टी-शर्ट प्रिंटिंग सुरू करायलोय. ती कोरलवर (कोरलड्रॉ सॉफ्टवेअरवर) डिझाईन करते, मी बाकीचं बघणार. घराखालचा गाळा मोकळा आहे. एका डीलरनं डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म, म्हणजे फिल्मवर छापून मग कापडावर उतरवायच्या) मशीनचं साडेतीन लाखाचं कोटेशन दिलंय, म्हणतोय ही एक मशीन घेतली की कॉटन, पॉलिस्टर, काळा, पांढरा सगळ्यावर छापता येतं, दुसरं काही लागतच नाही. आईची एफडी मोडून 2 लाख होतात, बाकीचं मुद्रा लोन काढू म्हणतोय. हातात सध्या मंडळाची गणपतीची 150 भगव्या टी-शर्टची ऑर्डर आहे, मागं 2 रंग, पुढं छातीवर 1 रंग. एका फुटबॉल टीमच्या 22 जर्सी आहेत, लाल, त्यावर पांढरी नावं-नंबर. आणि मित्रांचे सुटे 10-12 आहेत, प्रत्येकाचं डिझाईन वेगळं. मशीन घेऊ का? आणि टी-शर्ट इचलकरंजीतनं घेतले तर स्वस्त पडतील का? बहिणीची 3 डिझाईन पण पाठवलीत, बघून सांगा.”

बाळा, पहिल्यांदा हे सांगते, आईची एफडी आत्ता मोडू नका. घाबरवायला म्हणून सांगत नाही, मी स्वतः 18 वर्षं ह्याच धंद्यात आहे आणि तुमचं पत्र वाचून मला खरंच आनंद झाला, कारण ऑर्डर आधी आणि मशीन नंतर असं फार कमी पोरांचं असतं. बहुतेक जण मशीन घेतात आणि मग ऑर्डर शोधत फिरतात. तुमच्या हातात 3 ऑर्डरी आहेत आणि तिन्ही तीन जातीच्या आहेत, त्यामुळं त्यांच्याकडं बघूनच सगळं ठरवूया.

डीलर खोटं बोललेला नाही. डीटीएफनं खरंच सगळ्या कापडावर छापता येतं. फिल्मवर आधी रंग पडतो, त्यावर पांढरी शाई, मग ओल्या शाईवर गोंदाची पावडर टाकायची, ती ओव्हनमध्ये वितळवायची, आणि मग ते चित्र हीट प्रेसखाली 150-160 डिग्रीला 10-15 सेकंद दाबून कापडावर उतरवायचं. कॉटन असो, पॉलिस्टर असो, चिकटतं. पण त्यानं जे सांगितलं नाही ते पांढऱ्या शाईचं. त्या शाईत टायटॅनियम डायऑक्साईड असतं, ते जड असतं, शाई हलली नाही की तळाला बसतं, आणि मग पाइपात, डॅम्परमध्ये, हेडच्या, म्हणजे शाई उडवणाऱ्या भागाच्या, बारीक भोकांत जाऊन घट्ट होतं. म्हणून ती मशीन रोज चालवावी लागते. ऑर्डर असो नसो, सणवार असो, तुम्ही लग्नाला गावाला गेला असाल तरी कुणीतरी येऊन शाई हलवून एक टेस्ट प्रिंट काढलाच पाहिजे. गोठ्यात म्हैस आणल्यासारखं आहे बघ, दूध असो नसो वैरण रोज टाकायची.

आणि आपल्या कोल्हापूरचं काम रोजचं नाही, हंगामी आहे. गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने श्वास घ्यायला वेळ नसतो, दहीहंडीचं त्यातच येतं. मग थंडी पडली की शाहू स्टेडियमवर फुटबॉल सुरू होतं, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या केएसए लीगपासनं पुढं उन्हाळ्यापर्यंत पेठापेठांतल्या तालमींच्या टीम, त्यांचे सपोर्टर, सगळ्यांना जर्सी आणि टी-शर्ट लागतात. मध्ये कॉलेजचे डे, फेब्रुवारीत शिवजयंती. पण मधले काही आठवडे असे येतात की दिवसाला 2 टी-शर्ट पण छापायला नसतात. त्या दिवसांत स्क्रीन प्रिंटिंगची, म्हणजे जाळीतनं शाई ओढून छापायची, फ्रेम भिंतीला टेकून उभी राहते, काही मागत नाही. हीट प्रेस बंद करून ठेवली तर तिचं काही बिघडत नाही. डीटीएफ प्रिंटर मात्र त्याच दिवसांत खराब होतो. माझ्या ओळखीच्या एका पोरानं दिवाळीत 9 दिवस गाळा बंद ठेवला आणि उघडला तेव्हा पांढऱ्याचे निम्मे नोझल (हेडची भोकं) गेलेले, हेड बदलायला लागलं. आणि हेडवर वॉरंटी बहुतेक ठिकाणी नसतेच, तुझ्या कोटेशनमध्ये काय लिहिलंय ते वाच. एक्सपी600 हेड आहे का आय3200 ते पण बघ, पहिलं स्वस्त असतं पण आयुष्य कमी, दुसरं महाग असतं पण टिकतं. कोटेशनवर हेडचं नावच लिहिलेलं नसेल तर तो कागद बाजूला ठेव.

मग काय करायचं? डीटीएफ जॉबवर करून घ्यायचं. म्हणजे फाईल आपली, छापणारा दुसरा, तो फिल्मवर प्रिंट काढून पावडर मारून रोल देतो, आपण आपल्या गाळ्यात प्रेसवर दाबायचं. रोल बहुतेक करून 60 सेंमी रुंदीचा असतो आणि दर मीटरवर असतो, त्यामुळं बहिणीला सांग की एका मीटरमध्ये जास्तीत जास्त बसवायला शिक. छातीवरचं मोठं डिझाईन समज 28 बाय 30 सेंमीचं आहे, तर रुंदीत 2 आणि लांबीत 3, म्हणजे मीटरमध्ये 6 बसतात आणि वर 10 सेंमीची एक पट्टी उरते, त्या पट्टीत छोटे लोगो, गळ्याच्या मागचं लेबल असलं काहीतरी टाकायचं. जॉबवाल्याचा मीटरचा दर भागिले 6, हा तुमचा एका प्रिंटचा खर्च. ह्यात शाई वाळण्याचं, हेड जाण्याचं, फिल्म फुकट जाण्याचं टेन्शन त्याचं. मित्रांचे ते सुटे 10-12 टी-शर्ट असेच करा, 2 मीटरमध्ये सगळे बसतील. उतरवून झाल्यावर उरलेल्या प्रिंट सपाट, कोरड्या जागी ठेवल्या तर पुढं वापरता येतात, हा पण फायदा.

आता मंडळाची ऑर्डर. 150 नग, सगळे एकसारखे, भगवं कॉटन, 3 रंगकाम. हे स्क्रीनचं काम आहे, ह्यात माझ्या मनात काडीची शंका नाही. स्क्रीनमध्ये प्रत्येक रंगाला एक फ्रेम करावी लागते, फिल्म काढायची, इमल्शन (उजेडानं घट्ट होणारा थर) लावायचं, एक्स्पोज करायचं म्हणजे उजेड द्यायचा, धुवायचं, हा खर्च आणि ही मेहनत 1 टी-शर्ट असो का 500, तेवढीच. म्हणून 10 नगाला स्क्रीन परवडत नाही आणि 150 ला डीटीएफ परवडत नाही. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे, आपली मिरवणूक आठव. दुपारी गणपती निघतो तो दुसऱ्या दिवशीपर्यंत पोरं ढोल-ताशात नाहीतर साऊंडसमोर नाचत असतात, अंगावर घाम. पाठभर डीटीएफचा पत्रा चिकटवलेला टी-शर्ट घालून बघ तासभर, हवाच जात नाही, पाठ भिजून चिकट होते. स्क्रीनची पाण्याची शाई कापडाच्या धाग्यात बसते, त्यातनं वारा लागतो. मंडळाची पोरं पुढच्या वर्षी परत तुमच्याकडं यायची असतील तर ह्या गोष्टी त्यांच्या लक्षात राहतात, भले त्यांना त्याचं नाव सांगता येणार नाही.

पण पहिली 150 ची ऑर्डर स्वतःच्या हातानं, नव्या फ्रेमवर करू नका. राजारामपुरी, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी भागात स्क्रीनवाले आहेत, त्यांच्याकडं जॉबला द्या आणि अट घाला की मी 2 दिवस शेजारी उभा राहणार. पैसे थोडे कमी सुटू देत. तिथं बघायचं काय ते सांगते. भगव्यावर पांढरा रंग एका हातात भरत नाही, एक हात मारायचा, वरनं फ्लॅश हीटरनं थोडा सुकवायचा, परत एक हात. पांढऱ्याला जाळी मोकळी लागते, 43 टी म्हणजे सेंटीमीटरला 43 धागे, आणि काळ्या बारीक रेषांना दाट, 77 टीच्या आसपास. हाफटोनचे, म्हणजे फिकी-गडद छटा दाखवायचे, ठिपके असतील तर 90 टी. सगळ्या रंगाला एकच जाळी वापरणारा कारागीर घाईत असतो असं माझं मत आहे. स्क्विजीचं (शाई ओढायच्या पट्टीचं) रबर कडक का मऊ, धार गोल झालीय का ते बघ. आणि शाई कुठली ते विचार, पाण्याची पिगमेंट, खादी, रबर का प्लास्टिसोल (प्लास्टिकची दाट शाई). प्लास्टिसोल वाऱ्यावर सुकतच नाही, ती पूर्ण जाडीत 160 डिग्रीपर्यंत तापली पाहिजे. वरनं कोरडी लागते आणि आत कच्ची राहते, मग तिसऱ्या धुण्याला भेगा पडून निघते. तपासायचं सोपं आहे, प्रिंट दोन्ही हातांनी ताण, तडे गेले तर कच्ची. लहान पोरांचे कपडे असतील तर थॅलेट (प्लास्टिक मऊ करायचं रसायन) नसलेली शाई मागून घ्यायची, ह्यात तडजोड करायची नाही.

पुढच्या वर्षी स्वतःचं स्क्रीनचं टेबल करायचं म्हटलं तर बाहेरनं आणायच्या आधी उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत चौकशी करा. 4 रंगी फिरकं टेबल म्हणजे शेवटी पाइप, बेअरिंग आणि लॉक, आणि ह्या कामात आपल्या उद्यमनगरचा हात कोण धरणार? फक्त नमुना दाखवायला एक चांगलं टेबल आधी डोळ्यानं बघून, मापं घेऊन जा, आणि फ्रेम प्रत्येक वेळी त्याच जागी केसभर न हलता बसते का ते तिथंच तपासून घ्या, कारण दुसरा रंग 1 मिलिमीटर सरकला तरी अख्खं काम भिकार दिसतं. फ्रेमा अॅल्युमिनियमच्या घ्या. लाकडाच्या स्वस्त पडतात पण आपला जुलै-ऑगस्ट कसा असतो माहीत आहे, लाकूड पाणी पितं, पिळतं, जाळी सैल पडते, आणि नेमकी गणपतीची कामं त्याच महिन्यांत असतात.

आता जर्सी. ह्यावर जरा थांबून वाच कारण इथं मी हात पोळून घेतलाय. लाल पॉलिस्टर जर्सीवर पांढरे नंबर. 8-9 वर्षांपूर्वी मी अशाच जर्सी केल्या, नेहमीसारखं 160 डिग्रीला दाबलं, देताना पांढरे शुभ्र नंबर, टीम खूश, फोटो काढले. चौथ्या दिवशी फोन आला, काकी नंबर गुलाबी झालेत. मला विश्वास बसेना, जाऊन बघितलं तर खरंच गुलाबी. माल विकणाऱ्यानं हात वर केले आणि मला सगळ्या जर्सी स्वतःच्या पैशानं परत करून द्याव्या लागल्या, मॅच 2 दिवसांवर होती. कारण नंतर कळलं. पॉलिस्टरचा रंग उष्णतेनं वाफ होतो आणि वरच्या पांढऱ्यात चढतो, लगेच नाही दिसत, हळूहळू दिवसादिवसानं चढतो. लाल, मरून, काळा, नेव्ही ह्यात जास्त, आणि सब्लिमेशननं (उष्णतेनं रंग धाग्यात उतरवून) छापलेल्या डिझाईनच्या जर्सीत तर सगळ्यात जास्त. कॉटनमध्ये हा प्रकार नाही, त्याचा रंग वेगळ्या जातीचा असतो.

म्हणून जर्सीला कमी तापमानाचा, रंग अडवणारा व्हिनाईल (नावं-नंबर कापून प्रेसनं चिकटवायचा प्लास्टिकचा पातळ थर) मागायचा, दुकानात “ब्लॉकर” म्हटलं की कळतं, आणि पाकिटावर लिहिलेल्या कमीत कमी डिग्रीवर दाबायचं, काही 130 च्या आसपासच लागतात. एक जर्सी करून 4-5 दिवस नुसती ठेवून द्या. पांढरं पांढरंच राहिलं तर बाकीच्या 21 करा. तेवढा वेळ टीमकडनं आधीच मागून घ्या.

व्हिनाईल कापायला कटर प्लॉटर लागतो, पण 22 जर्सीसाठी तो पण आत्ता घेऊ नका, फ्लेक्स-रेडियमवाल्यांकडं प्लॉटर असतोच, तिथनं कापून आणा आणि घरी बसून चिमट्यानं सोला. पण एक काम बहिणीनं आधी केलंच पाहिजे. मराठी नाव कोरलमध्ये टाईप करून तसंच कटरला पाठवलं तर तो प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतो, शिरोरेषा जिथं जोडली जाते तिथं मधोमध चीर पडते, आणि सोलताना नावाचे तुकडे होतात. सगळं नाव कर्व्हमध्ये (अक्षरांचे आकार) करून वेल्ड करायचं, म्हणजे एकत्र जोडायचं, की शिरोरेषा एकसंध होते. अनुस्वाराचा टिंब सुटाच राहतो, तो लहान ठेवला तर धुण्यात पहिला तोच जातो, म्हणून जाड ठेवायचा. वेलांटी-उकाराच्या बारीक शेपट्यांचं तेच, 2 मिलिमीटरपेक्षा बारीक काही नको. आणि कटरला पाठवायच्या आधी फाईल आरशातल्यासारखी उलटी करायची, कारण व्हिनाईल मागनं कापतात. नावं टीमकडनं देवनागरीत लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर इंग्रजीत आलेलं नाव आपल्या मनानं मराठीत करू नका, “माने” का “माणे” ह्यावरनं मी भांडणं बघितलीत.

सब्लिमेशनबद्दल पण लोक तुम्हाला सांगतील, प्रिंटर 6 रंगांचा घ्या, चहाचे मग, जर्सी सगळं होतं म्हणून. ते तंत्र सुंदर आहे, रंग धाग्यातच जातो, हाताला प्रिंट लागत पण नाही, पण कपड्यांत ते फक्त पॉलिस्टरवर आणि फक्त पांढऱ्या किंवा फिक्या कापडावर चालतं. पांढरी शाई त्यात नसतेच. तुमच्या तिन्ही ऑर्डरींत त्याचा आत्ता उपयोग शून्य, तर सोडून द्या.

मग आत्ता विकत काय घ्यायचं? हीट प्रेस. चांगली. ही एकच वस्तू अशी आहे की डीटीएफ जॉबवर करा, व्हिनाईल करा, उद्या सब्लिमेशन करा, शेवटी कापडावर उतरवायला हीच लागते, म्हणून हिच्यात पैसे वाचवू नका. 38 बाय 38 सेंमीची सगळीकडं मिळते पण मी 40 बाय 50 ची घ्या म्हणेन, कारण आता पोरं ओव्हरसाईज घालतात आणि पाठीवरचं डिझाईन उंच असतं, लहान प्रेसवर दोनदा दाबावं लागतं आणि मध्ये जोड दिसतो. वरचा पत्रा शिंपल्यासारखा उघडणारी प्रेस जागा कमी घेते, पण मागच्या बाजूला दाब जास्त आणि पुढं कमी असं होतं, आणि दिवसभर काम करताना हात भाजतो. बाजूला फिरणारी किंवा खालचं टेबल ड्रॉवरसारखं बाहेर येणारी बघा. दुकानात चालू करून घ्या, 20 मिनिटं तापू दे, आणि इन्फ्रारेड थर्मामीटरनं मध्ये, चारी कोपऱ्यांत आणि कडांना मोजा. प्रेसच्या डिस्प्लेवर 160 दिसतंय आणि कोपऱ्यात 140 भरतंय असल्या प्रेसा मी बघितल्यात, मग प्रिंटचा तोच कोपरा दर वेळी सुटतो आणि आपण शाईला दोष देत बसतो. दुकानदार मोजू देत नसेल तर दुसरं दुकान. थर्मामीटर स्वतःचा घ्या, तो पुढं रोज लागेल. साध्या थर्मामीटरला चकचकीत पत्र्यावर चुकीचं माप येतं, म्हणून त्यावर टेफ्लॉन किंवा काळी मॅट पट्टी चिकटवून तिथं मोजायचं.

वीज बघा. प्रेस 1800 वॅटची धरली तर 8 अँपिअरच्या आसपास ओढते, घरातल्या साध्या 6 अँपिअरच्या प्लगला लावायची नाही, गाळ्यात 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट, जाड वायर आणि अर्थिंग वायरमनकडनं करून घ्या. हे पहिल्या दिवशी करायचं, नंतर नाही.

बाकी बारीकसारीक म्हणजे टेफ्लॉन शीट 2-3, हीट टेप, सिलिकॉन पॅड, केस-धागे काढायचा चिकट रोलर, आणि टी-शर्टच्या आत घालायला एक लहान उशी, बटणं आणि शिलाई वर येतात तिथं दाब बसत नाही म्हणून. आईचं शिलाई मशीन घरात आहेच, लेबल तिथंच लागतील.

टी-शर्टचं. इचलकरंजी आपली मँचेस्टर खरी, पण तिथं जास्त करून पॉवरलूमचं विणलेलं कापड, म्हणजे शर्टिंग, धोतर, चादरी, पॉपलिन अशा जातीचं. टी-शर्टचं कापड होजिअरी असतं, सुईनं फासे टाकून केलेलं, ते ताणतं, आणि त्याचं माहेर म्हणजे तमिळनाडूतलं तिरुप्पूर. कोल्हापुरातले होलसेलवाले, कोल्हापूरजवळच्या गांधीनगरचे व्यापारी पण बराच माल तिकडनंच आणतात. म्हणून इचलकरंजीची चक्कर टी-शर्टसाठी नको, कापडी पिशव्या छापायच्या झाल्या तर नक्की जा. 150 नगासाठी थेट तिरुप्पूरला मागवण्यात पण अर्थ नाही, गांधीनगरातनं घ्या, साईझ बदलून मिळतात हा मोठा फायदा. एक सॅम्पल घ्या आणि तपासा.

तपासायचं असं. लेबलवर 180 जीएसएम लिहितात आणि निघतं 150. जीएसएम म्हणजे 1 चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. सॅम्पलमधनं 10 बाय 10 सेंमीचा चौकोन नीट मापून काप आणि गुजरीत ओळखीच्या सोनाराकडं जाऊन काट्यावर ठेव, 1.8 ग्रॅम भरला तर 180, 1.5 भरला तर 150. इतकं सोपं आहे आणि आजपर्यंत एकाही सोनारानं मला नाही म्हटलेलं नाही. मंडळाला 180 चांगला, ओव्हरसाईजला 220-240. दुसरं, एक धागा जाळून बघ. कॉटन कागदासारखं जळतं आणि राख होते, पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो. “100 टक्के कॉटन” म्हणून विकलेल्यात मणी निघाला तर भाव परत बोल, आणि वर सांगितलेला रंग चढायचा धोका पण लक्षात ठेव. तिसरं, छापायच्या आधी एक टी-शर्ट मापून, धुवून, वाळवून परत माप. उंची 70 ची 66 झाली तर तो माल घेऊ नको. बायोवॉश केलेला घे, त्यात एन्झाइमनं वरची लव काढलेली असते, नाहीतर पांढऱ्या प्रिंटमधनं भगवे केस वर येतात.

पावसाळ्याचं वेगळं सांगते. हवेतला ओलावा कापडात बसलेला असतो, म्हणून प्रिंट ठेवायच्या आधी नुसता टी-शर्ट 5 सेकंद दाबून घ्या, वाफ निघालेली दिसेल. हे विसरलं की डीटीएफचे कोपरे सुटतात. फिल्म गार झाल्यावर सोलायची का गरम, ते जॉबवाल्याला विचारून रोलवर लिहून ठेवा, आणि सोलल्यावर वर टेफ्लॉन ठेवून परत 5-10 सेकंद दाबा. गिऱ्हाईकाला सांगा पहिलं धुणं एक दिवसानंतर, उलटा करून, गार पाण्यात. इमल्शन लावलेल्या फ्रेमा पावसात वाळायला दुप्पट वेळ घेतात, बंद कपाटात पंखा आणि 1 बल्ब लावून वाळवाव्या लागतात. आणि शुक्रवार पेठ नदीच्या अंगाची आहे, 2019 आणि 2021 चं पाणी विसरू नका, टी-शर्टचे गठ्ठे आणि प्रेस जमिनीवर ठेवू नका, स्टॉक वरच्या मजल्यावर हलवता येईल एवढाच जुलैत भरा.

पोलो टी-शर्टवर हॉटेलचा, दवाखान्याचा छोटा लोगो मागणारे येतील. त्याला भरतकाम शोभतं, प्रिंट नाही. ते पण जॉबवर, फक्त पंचिंगची (भरतकामाच्या मशीनला लागणारी डिझाईनची) फाईल पैसे देऊन स्वतःकडं घ्या, म्हणजे दुसऱ्या वेळी दुसऱ्याकडं जाता येतं.

डीटीएफ मशीन कधी घ्यायची ते पण सांगते, कारण मी तिच्या विरोधात नाही. जॉबवाल्याची बिलं एका वहीत लिहा, किती मीटर आणि कुठल्या तारखेला. सगळ्या कोरड्या महिन्यांत पण आठवड्यातले 5-6 दिवस काही ना काही मीटर निघत असतील, आणि महिन्याचं जॉबचं बिल मशीनच्या हप्त्यापेक्षा आणि शाई-फिल्मच्या खर्चापेक्षा स्पष्ट जास्त असेल, तर घ्या. तेव्हा गाळ्याला एसी लागेल, पावडर ओव्हनचा धूर बाहेर टाकायला एक्झॉस्ट लागेल, ते पण त्या साडेतीन लाखात धरलेलं नाही. आणि लोन तेव्हा काढा, ती वही बँकेत दाखवून. मुद्राच्या किशोर गटात 50 हजाराच्या वर 5 लाखांपर्यंत मिळतं, तुमचं त्यात बसेल. मंडळाकडनं निम्मे पैसे आणि साईझची सही केलेली यादी आल्याशिवाय एकही टी-शर्ट विकत घेऊ नका, गल्लीतली पोरं असली तरी.

बहिणीची डिझाईन बघितली. हात चांगला आहे तिचा, वाघाचे डोळे तर फारच छान. पण त्या वाघाच्या मागं जी पिवळी चमक हळूहळू विरत जाते ती डीटीएफला चालणार नाही. अर्धपारदर्शक रंगाच्या खाली पण पांढरी शाई पडते आणि काळ्या टी-शर्टवर भोवती पांढरट कड दिसते. ती चमक काढून टाक नाहीतर ठिपक्यांमध्ये कर. दुसऱ्या डिझाईनमधला क्रिकेट टीमचा लोगो काढा, तो त्यांच्या मालकीचा आहे, पैसे घेऊन छापता येत नाही. तिसरं, मंडळाचं, तसंच ठेवा, फक्त मागचं नाव 28 सेंमी रुंद आहे ते एल साईझला बरोबर बसतंय पण एस ला फार रुंद दिसेल, स्क्रीन एकच असणार तर 26 करा. बॅकग्राऊंड नसलेली पीएनजी, 300 डीपीआय, खऱ्या मापात, अशी फाईल काढून आधी कागदावर प्रिंट घ्या, कापा, आणि तुझ्या अंगातल्या टी-शर्टच्या पाठीला टाचण्या लावून तिला लांबनं बघू दे.